विरोधकाच्या कानावर न पडणारा प्रचार

१५ मे २०२४ रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधान नरेंद्र मोदींची सभा झाली. दिंडोरी आणि नाशिक, दोन्ही मतदारसंघांसाठी एकच सभा. भाषण चालू असताना गर्दीतून एक तरुण ओरडला, ‘कांद्यावर बोला!’ पोलिसांनी त्याला बाहेर नेलं, घोषणांचा गजर झाला, आणि पुढे पंतप्रधान कांद्याच्या खरेदीवर, साठ्यावर बोललेही. वीस वर्षांपूर्वी ही गोष्ट त्या मांडवातच संपली असती. फार तर दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या. त्या दिवशी मात्र दिवस मावळायच्या आत ते दोन शब्द येवला, चांदवड, कळवणच्या वाड्यावस्त्यांवर पोचले होते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. भावाचा कांदा असतो. त्याच्या फोनवर कित्येक वर्षांपासून बाजारभावाचा एक ग्रुप आहे. सकाळचे लिलाव झाले की लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, उमराणे इथले भाव येतात. उन्हाळ किती, लाल किती, कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. ‘राजकीय पोस्ट टाकू नये’ असं ग्रुपच्या माहितीत लिहिलेलं आहे आणि पुष्कळ दिवस ते पाळलंही गेलं. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हापासून ते पाळणं कुणालाच जमेना. सकाळी भाव टाकला की त्याखाली सरकारचा विषय निघणारच.

एप्रिल २०२४ मध्ये, ऐन प्रचारात, गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाल्याची बातमी आली. नाशिक जिल्ह्यात ती कशी झोंबली असेल हे सांगायला नको. लगेच पाठोपाठ केंद्राने जाहीर केलं की सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी दिली आहे. काही वाहिन्यांनी ही मोठी सवलत म्हणून दाखवली. त्या रात्री मी माहेरी होते, भावाशेजारी बसून त्या ग्रुपवर जे चाललं होतं ते वाचत होते. एकाने बांगलादेशचा आकडा टाकला, दुसऱ्याने संयुक्त अरब अमिरातीचा, तिसऱ्याने भूतानचा, आणि प्रत्येकाखाली आधीच्या अधिसूचनेचा फोटो. बेरीज जुळत गेली. वेगवेगळ्या तारखांना आधीच दिलेल्या परवानग्या एकत्र करून सांगितल्या होत्या, नवीन फारसं काही नव्हतं. दिवसभर रानात राबून आलेली माणसं रात्री अकरा वाजता दिल्लीचा सरकारी कागद ओळ न् ओळ वाचत होती आणि एकमेकांना समजावून सांगत होती. ४ मे रोजी बंदी उठली, तेव्हाही ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क यांचा हिशेब मांडून क्विंटलमागे हातात काय उरतं ते कुणीतरी तासाभरात लिहून टाकलं.

मला त्या माणसांचा अभिमान वाटला. फोनने राजकारण बिघडवलं असं कुणी सरसकट म्हणू लागलं की मला ती रात्र आठवते. कोणत्याही नेत्याने त्यांना हे शिकवलं नव्हतं, आणि ज्या माहितीसाठी पूर्वी बाजार समितीतल्या एखाद्या जाणकाराच्या तोंडाकडे बघावं लागायचं ती त्यांनी आपली आपण मिळवली होती.

४ जूनला निकाल लागला. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार दिंडोरीतून लाखाहून जास्त मतांनी हरल्या, राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे भास्कर भगरे निवडून आले. पण त्याच निकालात आणखी एक आकडा होता. भगरे यांचं चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच मतदारसंघात भगरे याच आडनावाच्या एका अपक्षाला तुतारी म्हणूनच ओळखलं जाणारं दुसरं वाद्य चिन्ह मिळालं होतं, आणि त्याला एक लाखाहून जास्त मतं पडली. साताऱ्यात अशाच चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं गेली आणि तिथे त्याच गटाचे शशिकांत शिंदे ३२ हजारांच्या आसपास फरकाने हरले. फेब्रुवारीत रायगडावर त्या चिन्हाचं अनावरण झालं, तेव्हापासून तुतारी प्रत्येकाच्या स्टेटसला वाजत होती. यंत्रासमोर उभं राहिल्यावर मात्र लाखो लोकांचा घोटाळा झाला. पूर्वी कार्यकर्ता दारात येऊन नमुन्याची मतपत्रिका पायरीवर ठेवायचा आणि म्हातारीचं बोट धरून सांगायचा, ‘आजी, हे. याच्या खालचं नाही, हे.’ ते काम रील करू शकलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांत विधानसभा आली, आणि मला ज्या गोष्टीवर लिहायचंय ती तेव्हा दिसली.

भाचा एका उमेदवाराचं सोशल मीडियाचं काम करत होता. उमेदवाराचं आणि पक्षाचं नाव इथे नको, कारण मी ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी हेच सांगितलं की सगळेच पक्ष असंच करतात. छापखान्याच्या वरच्या गाळ्यात चार-पाच पोरं, दोन लॅपटॉप, एक ड्रोन, आणि भिंतीवर मतदारसंघाचा बूथनिहाय नकाशा. मी डबा घेऊन गेले होते, तिथेच बसले. भाच्याने कौतुकाने दाखवलं, ‘आत्या, हे बघ, आपले तीनशेच्या वर ग्रुप आहेत.’ बचत गटांचे ग्रुप वेगळे. कांदेवाल्यांचे, द्राक्षवाल्यांचे वेगळे. गणेश मंडळांचे, दहीहंडीवाल्यांचे, स्पर्धा परीक्षेच्या पोरांचे, पुण्या-मुंबईला कंपनीत असलेल्या गावकऱ्यांचे. आणि जातीचे. प्रत्येक जातीचा, काही ठिकाणी पोटजातीचासुद्धा.

उमेदवार एकच, पण प्रत्येक ग्रुपवर तो वेगळा होता. बचत गटांना ‘लाडकी बहीण’च्या दीड हजारांच्या हप्त्याचा व्हिडिओ, कांदेवाल्यांना निर्यात शुल्काचा, पोरांना पोलीस भरतीचा. इथवर ठीक आहे. माणूस ज्याच्या त्याच्याशी ज्याच्या त्याच्या विषयावर बोलतो, त्यात गैर काय? पण एका जातीच्या ग्रुपवर एक आवाज होता, निनावी, ‘या वेळी आपला माणूस पडला तर पुढची वीस वर्षं ते आपल्याला उभं करणार नाहीत’ असा. त्याच उमेदवाराच्या त्याच गाळ्यातून, ज्यांना ‘ते’ म्हटलं होतं त्यांच्या ग्रुपवर त्याच दिवशी एक सुंदर पोस्टर गेलं होतं. अठरापगड जाती, बारा बलुतेदार, सगळ्यांना सोबत घेऊन चालणारं नेतृत्व.

मी भाच्याला विचारलं, ‘हे त्यांच्या ग्रुपवर गेलं तर?’

तो म्हणाला, ‘जात नाही ना आत्या. तेच तर काम आहे आमचं.’

हे वाक्य मी तेव्हापासून मनातून काढू शकलेले नाही. भाचा वाईट मुलगा नाही. त्याच्या तोंडून एक साधी तांत्रिक गोष्ट आली होती, आणि माझ्या मते निवडणुकीतला सगळ्यात मोठा बदल तीच आहे. आता विरोधकाच्या कानावर पडू न देता प्रचार करता येतो.

चौकातल्या सभेत हे शक्य नव्हतं. लहानपणी आमच्या गावात मारुतीच्या पारासमोर सभा व्हायच्या, तिथे विरोधी पक्षाची माणसंही येऊन बसायची. कडेला, सायकलला टेकून, पण असायची. वक्ता बोलता बोलता त्यांच्याकडे बघायचा. एखाद्या समाजाबद्दल काही बोलायचं तर तो समाज समोर बसलेला असायचा. वडे-मिसळीच्या हॉटेलात दुसऱ्या दिवशी त्याच भाषणावर भांडण व्हायचं, पण भांडणाऱ्या दोघांनी ऐकलेलं भाषण एकच असायचं. त्या सभांचं मी उगाच गुणगान करणार नाही. बायका तिथे क्वचित दिसायच्या, दलित वस्तीतली माणसं मागे उभी असायची, आणि प्रश्न विचारायची हिंमत दोन-चार जणांतच होती. तरीही जे बोललं जाई ते गावासमोर बोललं जाई.

आणि सोशल मीडियावरचं सगळंच चोरून चालतं असंही नाही. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरेंनी एकही उमेदवार उभा न करता राज्यभर सभा घेतल्या. ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हटलं की मोठ्या पडद्यावर मोदींची जुनी भाषणं, जुन्या जाहिराती दिसायच्या. मेळघाटातलं हरिसाल, ज्याची डिजिटल गाव म्हणून जाहिरात झाली होती, तिथली परिस्थिती त्यांनी पडद्यावर दाखवली. भाजपने त्याला उत्तर दिलं, आशिष शेलारांनी मुंबईत तसेच व्हिडिओ लावून ठाकरेंचे मुद्दे खोडायचा प्रयत्न केला. मतांवर परिणाम म्हणाल तर भाजप-शिवसेना युतीने राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. पण एकाने आरोप केला, दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि दोन्ही आपण सगळ्यांनी पाहिलं. मला तो प्रकार आवडला होता. नेत्याचं पाच वर्षांपूर्वीचं बोलणं लोक विसरतात, या भरवशावर आपलं निम्मं राजकारण चालायचं. तो भरवसा फोनने मोडला.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले. मतदान तीन दिवसांवर होतं. लोकसभेला उमेदवार निवडण्यात आपली चूक झाली, हे त्यांनी त्या भाषणात कबूल केलं. ती चित्रफीत ज्यांना पवार आवडतात त्यांनी पाहिली आणि ज्यांना आवडत नाहीत त्यांनीही पाहिली. साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाचे श्रीनिवास पाटील ८० हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. त्या पावसामुळेच आले असं मी म्हणणार नाही, साताऱ्यातली नाराजी आधीची होती. पण सातारकर आणि चंद्रपूरकर, समर्थक आणि विरोधक, सगळे एकाच दृश्याबद्दल बोलत होते.

नुसतं गाजणं मतपेटीपर्यंत पोचतंच असं नाही. शहाजीबापू पाटलांचं ‘काय झाडी, काय डोंगार’ २०२२ मध्ये शेंबड्या पोराच्या तोंडी होतं, आणि २०२४ ला ते सांगोल्यात हरले. गोव्यात रिव्होल्युशनरी गोवन्स हा पक्ष फेसबुक लाइव्हमधून उभा राहिला आणि २०२२ च्या विधानसभेत त्याला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, पण आमदार एकच आला, सांत आंद्रेतून, तोही ७६ मतांनी. ७६ मतं म्हणजे एका वाड्यावरची चार-पाच मोठी घरं. तिथे लाइव्ह बघणाऱ्यांची संख्या कामाला येत नाही, कोण कुणाच्या पायरीवर जाऊन बसला ते येतं.

मतदानाचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ ला राज्यात ६६ टक्के मतदान झालं, तीस वर्षांतलं सगळ्यात जास्त. कोल्हापूर जिल्हा ७६ च्या वर गेला. मुंबई शहर जिल्हा ५२ वर थांबला आणि कुलाब्यात तर ४४ टक्केच झालं. कुलाब्यात फोनची, नेटची, राजकीय चर्चेची काही टंचाई नसावी. कोल्हापुरात मात्र मतदानाला गेला नाहीत तर दुपारी दोनला कुणीतरी दारात येतं, नावानिशी हाक मारतं आणि गाडीवर बसवून नेतं.

बोट कशावर ठेवायचं हे मला जसजसं कळत गेलं तसतसा मोठ्या सभांचा, व्हायरल व्हिडिओंचा, मीमचा मला वाटणारा धसका कमी झाला. उघड्यावर जे चालतं त्याला उत्तर देता येतं. उत्तराला वेळ मात्र हवा. १९ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी, मतदानाला रात्रच उरली असताना, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने बिटकॉइनच्या व्यवहाराच्या ऑडिओ क्लिप समोर आल्या. भाजपने त्या आपल्या खात्यावर टाकल्या. सुळे यांनी तो आवाज आपला नाही म्हणून तक्रार केली, अजित पवार म्हणाले की आवाज ओळखू येतो. पडताळणी करणाऱ्या पत्रकारांना त्यातल्या बहुतेक क्लिप एआयने बनवल्याच्या खुणा सापडल्या. पण सकाळी सात वाजता रांगेत उभ्या असलेल्या माणसाने आदल्या रात्री क्लिप ऐकली होती, पडताळणी वाचली नव्हती.

आपला निवडणुकीचा कायदा १९५१ चा आहे. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास सभा नाही, मिरवणूक नाही, भोंगा नाही. त्यामागचा विचार चांगला होता, माणसाला दोन दिवस शांतपणे विचार करू द्यावा. आता भोंगा बंद होतो आणि खरं काम त्या ४८ तासांतच होतं. निवडणूक आयोगाने काही केलं नाही असं नाही. उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात आपली सोशल मीडियाची खाती लिहावी लागतात, जाहिरातीला आधी मंजुरी लागते, आणि बनावट व्हिडिओ लक्षात आल्यापासून तीन तासांत काढून टाका असं आयोगाने मे २०२४ मध्ये पक्षांना बजावलं. फेसबुकवरच्या राजकीय जाहिरातीखाली पैसे कुणी दिले हे २०१९ पासून दिसतं. पण भाच्याच्या त्या तीनशे ग्रुपपैकी एकही उमेदवाराच्या नावावर नव्हता. कुणी ‘मित्र परिवार’, कुणी ‘आपलं गाव’, कुणी ‘भजनी मंडळ’. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चाची मर्यादा आहे, त्यात चहा-नाश्ता आणि खुर्च्यांचं भाडं धरलं जातं. या गाळ्याचा हिशेब कुठे लागला असेल?

माझ्या आईचा फोन साधा आहे, बटणांचा. त्या दिवसांत तिला रोज एक फोन यायचा. एकदा मी समोर होते. पलीकडून एका मोठ्या नेत्याचा आवाज, ‘नमस्कार ताई.’ आई म्हणाली, ‘बोला साहेब,’ आणि तिने लगेच सांगायला घेतलं. मळ्यातली विजेची डीपी जळाली आहे, विहिरीला पाणी असून पिकाला देता येत नाही, वायरमन फिरकत नाही, आमचा गट नंबर अमुक. आवाज मध्ये थांबला नाही. तो महिलांच्या सन्मानाबद्दल बोलत राहिला आणि आई त्याच्यावर आपला आवाज चढवत डीपीबद्दल. मग फोन कटला. आई मला म्हणाली, ‘ऐकलं त्यांनी. लिहून घेतलं असेल.’ तो रेकॉर्ड केलेला आवाज होता हे तिला सांगताना मला फार जड गेलं. सत्तर वर्षांच्या बाईला पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसाने थेट फोन केला असं वाटलं होतं, आणि तिने वेळ न दवडता सगळ्यात महत्त्वाचं काम सांगितलं होतं. किती चांगली मतदार आहे ती! तिला ऐकणारा माणूस मिळायला हवा होता.

त्या निवडणुकीत आमच्या जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला गेल्या. लोकसभेला ज्या भागाने कांद्यावरून मंत्री पाडला त्यानेच. पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्यांनी याचं श्रेय कुणाच्या वॉर रूमला दिलं, कुणी अजित पवारांच्या गुलाबी जाकिटाला. मला वाटतं, ‘लाडकी बहीण’चे पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज हा त्या निवडणुकीतला सगळ्यात जास्त वाचला गेलेला मेसेज होता. शिवाय सप्टेंबरात निर्यात शुल्क निम्म्यावर आलं होतं आणि चाळीत उरलेल्या कांद्याला भाव मिळत होता. भावाच्या ग्रुपवरची माणसं मूर्ख बनली असं म्हणणाऱ्यांनी त्यांचा हिशेब एकदा बसून ऐकावा. मला चिंता वाटते ती जातीच्या ग्रुपवरच्या त्या निनावी आवाजाची. निवडणूक झाली, गुलाल उधळला, आमदार झाले. तो आवाज अजून फोनमध्ये आहे आणि शेजारच्या गल्लीला माहीत नाही की आपल्याबद्दल काय सांगितलं गेलं.

१५ जानेवारी २०२६ ला नाशिक महापालिकेचं मतदान होतं. आधीची निवडणूक २०१७ ची, मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणजे उमेदवारांची गर्दी, आणि ग्रुपवर रोज रील. आमच्या आणि शेजारच्या इमारतींतल्या बायकांनी ठरवलं, सगळ्या उमेदवारांना एकाच संध्याकाळी एकाच पार्किंगमध्ये बोलवायचं. एकेकटे येऊन हात जोडून जायचं नाही. एकमेकांसमोर बोलायचं, आम्ही सलग चित्रीकरण करणार, मधे कापणार नाही, आणि तेच्या तेच सगळ्या इमारतींच्या ग्रुपवर टाकणार. भाच्याला बोलावून घेतलं. कॅमेरा त्यानेच धरला. काही उमेदवार आले, काहींनी ‘वेळेचं बघतो’ म्हटलं आणि आले नाहीत, एकाने रील पाठवलं, ते आम्ही लावलं नाही.

पहिलाच प्रश्न सकाळच्या पाण्याच्या दाबाचा होता. एक उमेदवार म्हणाले, नवी टाकी मंजूर आहे, उन्हाळ्याआधी काम सुरू. त्यांच्या शेजारी उभे असलेले विरोधी उमेदवार तिथेच म्हणाले, टाकीची जागाच अजून ताब्यात नाही, काम सुरू कसं होणार? मग दोघांत जागेवरून चांगली पंधरा मिनिटं जुंपली. कुठला सर्व्हे नंबर, कुणाचं आरक्षण, फाइल कुठल्या टेबलावर. वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येऊन ऐकायला लागले. त्या पंधरा मिनिटांत आम्हाला आमच्या पाण्याबद्दल जेवढं कळलं तेवढं प्रशासकाच्या सगळ्या काळात कळलं नव्हतं.

तो व्हिडिओ लांबलचक आहे, आवाज खराब आहे, मधे दोनदा कुकरची शिट्टी ऐकू येते. मतमोजणीनंतर आम्ही तो निवडून आलेल्या चौघांना पाठवला आणि टाकीच्या जागेचं विचारलं. एकाने उत्तर दिलं, जागेची मोजणी व्हायची आहे, तारीख कळवतो म्हणून. तारीख आली की मोजणीला आम्ही जाणार आहोत, आणि जे पडले त्या उमेदवारांनाही बोलावणार आहोत.